सीएसएमटी ते विक्रांत... पायी पायी!

सोलापूरहून रात्रीची गाडी, सकाळी फोर्टमधली भटकंती आणि शेवटी एक युद्धनौका. वीकएण्डचा प्लॅन एकदम परफेक्ट. भानगड एकच, ती युद्धनौका आता तिथं नाही!

आपल्या सोलापुरात पाणी म्हटलं की विषय दोनच. एक, नळाला कधी येणार? आणि दोन, सिद्धेश्वर तलाव. समुद्राशी आपलं नातं म्हणजे गोव्याची ट्रिप आणि मोबाइलचा वॉलपेपर. पण गंमत सांगू? सात रस्त्याच्या सिग्नलला तुमच्या शेजारी एखादी जुनी बजाज व्ही बाइक येऊन थांबली, तर जरा तिच्याकडे नीट बघा. तिच्यात एका विमानवाहू युद्धनौकेचं पोलाद आहे. खोटं नाही. २०१६ साली ही बाइक बाजारात आली तेव्हा तिचा सगळा फंडाच हा होता. आयएनएस विक्रांत भंगारात निघाली, तिचं पोलाद कंपनीनं घेतलं, वितळवलं आणि पेट्रोलच्या टाकीसाठी वापरलं. त्या बाइकचं उत्पादन पुढं बंद झालं, पण सेकंडहॅण्डमध्ये ती अजून दिसते.

२१३ मीटर लांबीचं जहाज. एका युद्धात गाजलेलं, शाळेच्या पुस्तकातून आपल्याला भेटलेलं. आणि शेवट कुठं, तर बाइकच्या टाकीत! हे काही पचनी पडेना. म्हणून ठरवलं, जिच्या आवारात विक्रांत असायची त्या मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डच्या दारापर्यंत चालत जायचं. वाटेत अख्खा फोर्ट येतो, म्हणजे हेरिटेज वॉक फुकटात. सोबतीला मैत्रीण. मूळची सोलापूरचीच, सध्या मुंबईत एका बँकेत. "रविवारी सकाळी उठून नसलेलं जहाज बघायला चालायचं? डोकं फिरलंय की काय गं तुझं?" हा तिचा पहिला सवाल. आली मात्र वेळेवर.

बोरीबंदर ते फाउंटन

सिद्धेश्वर एक्स्प्रेस म्हणजे आपल्यासाठी फिरतं हॉस्टेल. रात्री सोलापुरात पाठ टेकायची, सकाळी मुंबईत डोळे उघडायचे. इंटरव्ह्यू असो, हॉस्पिटल असो की मंत्रालयातलं अडकलेलं काम, आपल्या शहराची निम्मी स्वप्नं याच गाडीनं ये-जा करतात. ती जिथं थांबते ते सीएसएमटी स्टेशन हाच या वॉकचा पहिला स्टॉप. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधकाम चाललेली ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या आर्किटेक्टनं उभी केली आणि २००४ साली युनेस्कोनं ती जागतिक वारशाच्या यादीत घातली. एरवी इथं मान वर करायला कुणाला फुरसत नसते. रविवारी ती असते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, तो आधी शोधा. सिंह ब्रिटिशांचा, वाघ आपला!

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं दगडी कमानींखालून चालत सुटायचं. ऊन लागत नाही, पाऊसही लागत नाही. निवांत चाललात तरी पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. 'हुतात्मा' म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढं १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आपले चौघे येतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. इथलं स्मारक संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं. शेजारीच १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन.

"सगळे फोर्ट फोर्ट म्हणतात, पण फोर्ट आहे कुठं?" मैत्रिणीनं विचारलं. पाच वर्षं ती याच भागात नोकरीला येतेय! फोर्ट नाही, हेच उत्तर. तटबंदीमुळे शहराला श्वास घ्यायला जागा उरेना, म्हणून १८६०च्या दशकात ती पाडून टाकली. नाव तेवढं राहिलं. आपला भुईकोट किल्ला बघा, पार्क मैदानाशेजारी बुरुजांसकट उभा आहे. मुंबईनं किल्ला पाडला आणि नाव जपलं. या शहराची ही जुनीच सवय आहे, हे पुढं दोन किलोमीटरच्या आत कळणार होतं.

कोटणीस ज्या जहाजानं गेले

फाउंटनवरून वीर नरिमन रस्त्यानं पूर्वेकडे वळलं की हॉर्निमन सर्कल. झाडांची गोल बाग, भोवती एकसारख्या इमारती आणि समोर एशियाटिक सोसायटीचा १८३३ सालचा टाउन हॉल. त्याच्या ३० पायऱ्या तुम्ही सिनेमांत शंभरदा बघितल्यात. पायऱ्यांवर टेकायचं, पाणी प्यायचं. इथून डावीकडे गेलं की बॅलार्ड इस्टेट, आणि त्याच्या मागे बंदर.

या बंदराशी सोलापूरचं एक घट्ट नातं आहे. १ सप्टेंबर १९३८. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं निघालं. त्यातले एक आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय २७. चौघे परत आले. कोटणीस आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला ते चीनमध्येच गेले. भय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक आपण बसमधून किती वेळा बघितलं असेल, पण ते कुठल्या बोटीनं गेले हा प्रश्न कधी पडला नव्हता.

बोटीचं नाव एसएस राजपुताना. पी अ‍ॅण्ड ओ कंपनीची प्रवासी बोट. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी हिच्यातूनच गेले होते. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलानं ती ताब्यात घेतली, तिच्यावर तोफा चढवल्या आणि तिची एचएमएस राजपुताना केली. १३ एप्रिल १९४१ ला आइसलॅण्डच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारून ती बुडवली. म्हणजे कोटणीस चीनमध्ये जखमींवर ऑपरेशनं करत होते, तेव्हाच त्यांना घेऊन गेलेली बोट अटलांटिकच्या तळाला पोचली होती.

युद्धात जहाज बुडतं, त्यात कुणाचं काही चालत नाही. पण युद्धातून धडधाकट परत आलेल्या जहाजाचं काय होतं? ते कळायला अजून जरा चालावं लागतं.

भिंतीपलीकडचं गाव

टाउन हॉलच्या मागेच आयएनएस आंग्रे हा नौदलाचा तळ आहे. याचं जुनं नाव कॅसल बॅरॅक्स. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची मग्रुरी यांविरुद्ध संप पुकारला. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी उठावात उतरले. २१ तारखेला याच कॅसल बॅरॅक्समधून ब्रिटिश फौजांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांत उठाव संपला, पण सैन्याच्या जोरावर हा देश आता राखता येणार नाही, हे ब्रिटिशांना कळून चुकलं.

इथून शहीद भगतसिंग रस्त्यानं दक्षिणेकडे चालायचं. डाव्या हाताला डॉकयार्डची उंच भिंत सुरू होते आणि सोबत करत राहते. आत जायला मिळत नाही, पण भिंतीपलीकडे काय घडलंय ते माहीत असेल तर हाच या वॉकचा सगळ्यात भारी पॅच. १७३६ साली सुरतहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी कारागीर इथं जहाजं बांधायला आला. पुढच्या पिढ्यांनी याच गोद्यांत सागवानी युद्धनौका बांधल्या आणि त्या थेट ब्रिटिश नौदलाला दिल्या. त्यातली कॉर्नवॉलिस १८१३ ची. १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह तिच्याच डेकवर झाला. हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं ते याच तहानं!

आणि एक होती त्रिंकोमाली. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली. पेशवाई अजून संपायची होती, तेव्हाची गोष्ट. ही आजही तरंगतेय. आपल्याकडे नव्हे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी. तिथल्या नौदल संग्रहालयात तिकीट काढून तिच्यावर चढता येतं. ब्रिटनची अजून तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका म्हणून तिची ओळख आहे.

तिचीही वेळ एकदा भरलीच होती. १८९७ साली नौदलानं तिला भंगारवाल्याला विकलं होतं. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका हौशी माणसानं ती त्याच्याकडून विकत घेतली, दुरुस्त केली आणि पोरांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरायला काढली. पुढं जवळपास नव्वद वर्षं तिनं तेच काम केलं. मग १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं खपून तिची नीट डागडुजी झाली. यूकेला ऑनसाइट असाल तर एखादा शनिवार तिच्यासाठी काढाच. मुंबईत घडलेल्या सागवानावर हात फिरवून बघा!

लायन गेटपाशी

भिंत संपत येते आणि लायन गेट दिसतं. नेव्हल डॉकयार्डचं हे प्रवेशद्वार. पहारा कडक, कॅमेरा खिशातच ठेवायचा. गेटसमोरच्या वाहतूक बेटावर धातूचं एक शिल्प आहे. अर्झान खंबाटा या शिल्पकारानं विक्रांतच्याच धातूतून केलेलं. २५ जानेवारी २०१६ ला त्याचं अनावरण झालं. टॅक्सी त्याला वळसा घालून जातात. आम्ही तिथं होतो तेवढ्या वेळात थांबून बघणारं दुसरं कुणी आलं नाही.

"एवढंच?" मैत्रीण म्हणाली.

एवढंच.

मग जवळच्या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा मागवून आम्ही विक्रांतची टूर कागदावरच केली. जन्म इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. १९४५ मध्ये पाण्यात उतरली ती एचएमएस हर्क्युलिस म्हणून. महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. १९५७ साली भारतानं तो अर्धवट सांगाडा घेतला, बेलफास्टमध्ये पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला विक्रांत नौदलात दाखल झाली. वर विमानांची धावपट्टी, खाली हॅंगर, मधे विमानं वर-खाली नेणाऱ्या दोन लिफ्ट. वाफेच्या जोरावर विमान भिरकावून देणारं कॅटापल्ट आणि उतरणाऱ्या विमानाला पकडणाऱ्या पोलादी तारा. हजारावर माणसांचं तरंगतं गाव.

१९७१ च्या युद्धाच्या तोंडावर तिच्या बॉयलरला तडे गेलेले होते. पूर्ण वेगानं जाणं शक्य नव्हतं. तिला घरी बसवा, असंच कुणीही म्हटलं असतं. नौदलानं ती बंगालच्या उपसागरात नेली. ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला, मग चितगावच्या बंदरावर. तिच्या शोधात आलेली गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा विक्रांत तिथं नव्हतीच! ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली आणि २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली.

मैत्रिणीचे बाबा तेव्हा तिच्यावर जाऊन आले होते. काका आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात, समुद्राचा काही संबंध नाही. पण ती आठवण ते अजून सांगतात म्हणे. "डेकवर उभं राहिलं की वाटायचं, आपलं पार्क मैदानच पाण्यावर तरंगतंय." आम्हा दोघींना ती संधी मिळाली नाही. २०१२ मध्ये जहाज सुरक्षित राहिलं नाही म्हणून संग्रहालय बंद झालं, तेव्हा आम्ही शाळेत होतो.

मग जे झालं ते सगळं कागदावर आहे. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की गंज खातं. ठराविक काळानं गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पत्रे बदलावे लागतात, आणि हे कधी संपत नाही. खासगी भागीदार घेऊन संग्रहालय चालवायचे प्रयत्न फसले, खर्च परवडत नाही असं राज्य सरकारनं हात वर करून सांगितलं आणि डॉकयार्डमधली जागा अडून राहणं नौदलाला जड झालं. लोक हायकोर्टात गेले, सुप्रीम कोर्टातही गेले. उपयोग झाला नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतच, दारूखान्याच्या भंगार गोदीत गॅस कटर चालू झाले.

एकदा नाही, दोनदा!

एकदा चुकलो, शिकलो असतो तर ठीक होतं. ६ मार्च २०१७ ला आयएनएस विराट निवृत्त झाली. जगात सगळ्यात जास्त काळ सेवेत राहिलेली विमानवाहू नौका म्हणून तिचं नाव झालं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली. खर्चाचा आकडा ८५२ कोटी. पुढं काही हललं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईतून ओढत गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर नेली. काही जणांनी सुप्रीम कोर्टातून स्थगिती आणली, पण २०२१ च्या एप्रिलपर्यंत जवळपास ४० टक्के जहाज कापून झालं होतं. अर्धं कापलेलं जहाज वाचवून करणार काय?

खर्च खरा होता, हे मान्य. सरकारनं पैसा दवाखान्यांवर खर्चायचा की जुन्या जहाजावर, हा प्रश्नही खोटा नाही. "आपल्याकडे नळाला पाणी येईना आणि ८५२ कोटी जहाजाला?" हे मैत्रिणीचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. पण पैसा नाही हे निवृत्तीनंतर दहा-पंधरा वर्षांनी, जहाज गंजून गेल्यावर सांगण्यात काय अर्थ? जहाज किती वर्षांनी निवृत्त होणार हे आधी माहीत असतं. ते कुठं ठेवायचं, कोण सांभाळणार, तिकिटातून किती येणार, हे सगळं आधी ठरवता येतं. विक्रांतचा अभिमान सगळ्यांना होता. रंगाचं बिल भरायला मात्र कुणी नव्हतं.

आणि जिथं ठरवलं, तिथं जमलंही. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर कुरसुरा पाणबुडी २००२ पासून उभी आहे. ९१ मीटर लांब, आतून चालत जाता येतं, रोज पर्यटकांची रांग. युक्ती काय केली? ती पाण्यात ठेवलीच नाही, किनाऱ्यावर ओढून काढली. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका अशीच जमिनीवर ठेवलीय. दोन्ही विक्रांतपेक्षा खूप लहान, हे खरं. म्हणून तर दोन्ही टिकल्या. मोठ्याचा हट्ट धरून सगळंच घालवण्यापेक्षा झेपेल तेवढं नीट सांभाळलेलं बरं, हे कुठल्याही सोलापुरी गृहिणीला सांगावं लागत नाही!

महाराष्ट्रातही आता हलतंय. नौदलाची टी-८० ही निवृत्त नौका कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी आणली, शिवाजी महाराजांच्या आरमाराशी नातं सांगणाऱ्या जागी. आणि ज्या निवतीजवळ विराट येणार होती, तिथं आयएनएस गुलदार ही जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौका समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प हाती घेतलाय. डायव्हिंग करून जहाज बघायचं, कल्पना एकदम हटके आहे. फक्त ती कागदावर राहू नये.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली. २६२ मीटर लांब, भारतात बांधलेली, अंगावर जुन्या विक्रांतचाच आर-११ हा नंबर. नाव पुन्हा एकदा राहिलं. चाळीसेक वर्षांनी तीही निवृत्त होईल, तेव्हा आपण सत्तरीच्या घरात असू. नातवंडांना डेकवर न्यायचं की बाइकची टाकी दाखवायची, याचा हिशोब कुणीतरी आत्तापासून मांडायला हवा.

प्लॅन करताय?

कसं जाल: सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी सीएसएमटी. सीएसएमटी ते लायन गेट अंतर साधारण दोन किलोमीटर, रेंगाळत गेलात तर दोन तास. पुढं गेट वे ऑफ इंडिया चालत जाण्याइतकं जवळ.

कधी: रविवारी सकाळी. फोर्टमधली ऑफिसं बंद, रस्ते तुमचे.

लक्षात ठेवा: डॉकयार्ड आणि आयएनएस आंग्रेच्या परिसरात फोटो काढू नका.

जहाजावर चढायचंच असेल तर: कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरवरूनच विशाखापट्टणमला जाते. पूर्व भागातला एखादा मित्र सोबत घ्या, तेलुगूचा प्रश्नच मिटला! कारवारला जाणार असाल तर संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्या. आणि दोन्हीकडे तिकीट काढूनच आत जा, पास मागू नका. जहाजाचा रंग त्याच पैशातून येतो.